घाटाला जाण्यापूर्वी ब्रेक ऑइल बदलून घे

नागपूर,
दि. १२ मे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चिखलदऱ्याहून खाली येताना पुढच्या ब्रेकचा लीव्हर एकाएकी मऊ पडला आणि मुठीला टेकेपर्यंत आत आला. परतवाड्याला चहा घेऊन निघालास तेव्हा मात्र तो नेहमीसारखा घट्ट लागला, म्हणून तू ती गोष्ट तिथेच सोडून दिलीस, हे वाचून मला फार काळजी वाटली. पावसाळ्यात वहिनींना मागे बसवून तू पुन्हा त्याच घाटाने जाणार आहेस. त्याआधी ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढू नकोस, असे मी तुला अगदी आग्रहाने सांगतो.

थोड्या वेळाने ब्रेक सुधारला यातच दोषाची खूण आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. हँडलवरच्या ऑइलच्या डबीचे झाकण कितीही घट्ट असले तरी रबरी होजमधून आणि सीलमधून ती वर्षानुवर्षे आत झिरपत राहते. डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रतीच्या मानकाप्रमाणे नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ३.७ टक्के पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच अट १५५ अंशांवर येते. लांब उतारावर तू ब्रेक सतत दाबून धरतोस, डिस्क आणि पॅड तापतात, ती उष्णता कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या, ऑइलला लागते आणि त्यातल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे तुझ्या बोटांचा जोर पॅड ढकलणाऱ्या पिस्टनपर्यंत न पोचता त्या बुडबुड्यांतच जिरतो. चहा होईपर्यंत कॅलिपर निवतो, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि लीव्हर शहाण्यासारखा घट्ट लागतो. आमच्या नागपुरात सेमिनरी हिल्सचा थोडा चढउतार सोडला तर सगळा सपाट रस्ता. व्हरायटी चौकातल्या सिग्नलला थांबण्याइतक्या ब्रेकने डिस्क तेवढी तापत नाही, आणि म्हणून जुने, काळपट ऑइल घेऊन माणसे वर्षानुवर्षे निर्धास्त फिरतात. इंजिन ऑइलची तारीख पाठ असलेल्या माणसालाही ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायचे असते याची कल्पना नसते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

हे काम घरी करता येते, मात्र ते घाईचे नाही. मे महिन्यातली कोरडी हवा त्याला सोयीची आहे. ऊन चढण्याआधी, सकाळी सावलीत बैस. ऑइल कोणते घालायचे ते डबीच्या झाकणावरच छापलेले असते. डॉट ४ लिहिले असेल तर तेच आण, आणि डॉट ५ कोणी स्वस्तात दिले तरी घेऊ नकोस, कारण ते सिलिकॉनचे असते आणि तुझ्या ब्रेकमध्ये चालत नाही. बाटली लहान आणि सीलबंद घे. उघडून ठेवलेली बाटली ओल धरते, म्हणून मागच्या वेळची उरलेली वापरू नये. याशिवाय मेडिकलमधून एक मोठी सिरिंज, कॅलिपरवरच्या निपलवर (ऑइल बाहेर काढण्याच्या लहान तोटीवर) घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, निपलच्या मापाचा रिंग पाना (बहुधा आठ नंबरचा लागेल) आणि जुनी सुती फडकी एवढे पुरे.

गाडी डबल स्टँडवर लाव आणि हँडल असे वळव की ऑइलची डबी सपाट राहील. पेट्रोलच्या टाकीवर जाड फडके पसर, कारण हे ऑइल रंग खाते. थेंब सांडलाच तर पुसत न बसता लगेच भरपूर पाणी ओत. झाकणाचे दोन्ही स्क्रू मऊ धातूचे असतात, तेव्हा नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर जोराने दाबून धरूनच ते फिरव. आतला रबरी पडदा काढलास की डबीच्या तळाशी गाळ दिसेल. जुने ऑइल सिरिंजने ओढून घे, डबी कोरड्या फडक्याने पूस आणि नवे ऑइल भर. पडदा लांबलेला असेल तर बसवण्यापूर्वी तो दुमडून पूर्ववत कर.

यापुढचा क्रम कधीही चुकवू नकोस. नळीचे एक टोक निपलवर बसव आणि दुसरे टोक थोडे नवे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडव. लीव्हर दाबून धर, निपल पाव फेरा सैल कर, लीव्हर मुठीकडे जाईल, तो तिथेच धरून ठेवून निपल बंद कर आणि मगच लीव्हर सोड. निपल उघडा असताना लीव्हर सुटला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. चिरंजीवाला लीव्हरवर बसव आणि ‘दाब’, ‘सोड’ असे मोठ्याने सांगत काम कर. नळीतून आधी चहाच्या रंगाचे ऑइल येईल, मग फिकट होत होत बाटलीतल्यासारखे स्वच्छ येऊ लागेल. मधूनमधून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने होज आणि कॅलिपर हलकेच ठोक, म्हणजे चिकटून बसलेले बुडबुडे सुटतात.

या सगळ्या वेळात डबीवरचे लक्ष ढळू देऊ नकोस. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाक्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) सक्तीचे झाले आणि तुझी गाडी त्यानंतरची आहे. डबी रिकामी होऊन हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर ती घरी सहजासहजी निघत नाही, सर्व्हिस सेंटरच्या मशीनला गाडी जोडावी लागते. म्हणून खालच्या खुणेच्या बरेच वर असतानाच ऑइल घालत जा.

निपल शेवटी बेताने आवळ. तो लहान असतो आणि जोर लावल्यास तुटतो. पॅड झिजलेले असतील तर डबी वरच्या खुणेपर्यंत भरू नकोस, कारण नवे पॅड घालताना पिस्टन मागे सरकतात आणि तेवढे ऑइल वर येते. मागे ड्रम ब्रेक असल्याने तिकडे ऑइलचा प्रश्न नाही. निघालेले जुने ऑइल मोरीत किंवा अंगणात ओतू नकोस, इंजिन ऑइलमध्येही मिसळू नकोस. वेगळ्या बाटलीत भरून, वर चिठ्ठी लावून, असे ऑइल वेगळे गोळा करणाऱ्या गॅरेजला दे.

काम झाल्यावर गाडी उभी असतानाच लीव्हर दाबून मिनिटभर तसाच धर. तो हळूहळू आत सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (लीव्हरजवळच्या, ऑइलला दाब देणाऱ्या भागाचे) सील गेले आहे. अशा वेळी गाडी रस्त्यावर न आणता मिस्त्रीला घरी बोलाव. घट्ट राहिला तर आधी गल्लीतच सावकाश चालवून पाहा.

झाकणावर काय छापले आहे ते मला कळव. अमरावतीला पुढच्या आठवड्यात येणे आहेच, येताना सीलबंद बाटली घेऊन येतो. वाटल्यास आपण दोघे मिळून बसू. आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मित्र