जनगणनेतली नावे शंभर वर्षांनी तरी खुली करा

संपादक महाशय,

1 मार्च 2027 हा संदर्भदिनांक धरून होणाऱ्या जनगणनेच्या निमित्ताने ‘आजोबांच्या वेळच्या जनगणनेचा उतारा कुठे मिळेल?’ ही विचारणा सोलापुरात पुन्हा सुरू झाली आहे. असा उतारा मिळत नाही. जनगणना अधिनियम 1948 च्या कलम 15 नुसार घरोघरच्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि या बंदीला मुदतही नाही. इंग्रजी अमदानीतल्या गणनेच्या चिठ्ठ्या तर बेरजा झाल्यावर नष्टच झाल्या. राहिले ते छापील तक्ते. 1921 मध्ये एकाच राजवटीने इंग्लंडमध्येही माणसे मोजली आणि गिरणगाव सोलापुरातही. तिकडची पाने शंभर वर्षे बंद ठेवून जानेवारी 2022 मध्ये खुली झाली. आपल्याकडे किती माणसे होती एवढेच कळते, कोण होती ते नाही.

तोवर वंशावळ जुळवणाऱ्यांनी तहसीलच्या अभिलेख कक्षातला गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, आधी पाहावे. ही जन्ममृत्यूची नोंद गाववार आणि वर्षवार असते, त्यामुळे नकलेच्या अर्जात गाव, तालुका आणि अंदाजे वर्षाच्या मागची-पुढची पाच वर्षे लिहावीत. नाव धरून शोधणारे इथेच फसतात. जन्माची वर्दी बारशाआधी जायची, म्हणून नोंदीत बाळाचे नाव नसते. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. आडनाव तर क्वचितच. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी, तेव्हा थोरल्याचा जन्म आजोळच्या गावच्या बुकात सापडतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, शब्द तोडलेले नसतात. घाईत वाचले की नावाचे भलतेच होते. शके असेल तर 78 मिळवावेत, पौष ते फाल्गुनातल्या तारखेला बहुधा 79.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घराण्यांचे मूळ तेलंगणात, त्यामुळे इथल्या कोतवाल बुकात त्यांचा मागचा धागा तुटतो. त्यांच्या कामाचे शाळेचे जनरल रजिस्टर. त्यातला जन्मस्थळाचा रकाना मूळ गाव सांगून जातो. जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. 1 जून ही बहुतेक गुरुजींनी दिलेली. एकाच घरचे आडनाव तेलुगू, मराठी आणि कन्नड शाळांत तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, तिन्ही टिपून ठेवावीत. जमीन असेल तर सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक धरून मागे जावे. वारसाच्या फेरफारात मयताची मुले-मुली, विधवा असे सगळे घर एका जागी मिळते. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंची घराणी नोंदवणाऱ्या तीर्थपुरोहितांच्या, वह्याही विसरू नयेत, पण तिथे गाव आणि कूळ दोन्ही सांगता आले पाहिजे.

1951 च्या जनगणनेवरून गाववार, घरवार तयार झालेले राष्ट्रीय नागरिक रजिस्टर (एनआरसी) हा यातला सर्वांत दुर्लक्षित ठेवा. न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींच्या शोधात ते पुराव्यांच्या यादीत घेतले, आसामात त्याची पाने लोकांना पाहायला खुली झाली. म्हणजे गोपनीयतेचा आग्रह सोयीने सैल होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या तहसिलींनी आपल्याकडे या रजिस्टरची कोणत्या गावांची पाने शिल्लक आहेत, याची यादी तरी लावावी आणि ती पाने ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर चढवावीत.

जिवंत माणसाची माहिती उघड करा, असे आमचे म्हणणे नाही. जात, उत्पन्न, आजार शेजाऱ्याला कळू नयेत, हे रास्तच आहे. पण यंदा माहिती थेट मोबाइल ॲपवर भरली जाणार, तेव्हा गोदामात जागा नाही ही सबब उरत नाही. गणना संपण्याआधीच कलम 15 मध्ये दोन वाक्ये घालावीत: घरवार नोंदी राष्ट्रीय अभिलेखागारात जपल्या जातील, आणि शंभर वर्षांनी त्या खुल्या होतील. सोलापूर आणि माढ्याच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा.

— घराण्यांच्या नोंदी शोधणारे काही वाचक, सोलापूर