करार झाले, पण जबाब घेणारा हवालदार कधी शिकणार?

संपादक साहेब, नमस्कार.

अमुक विद्यापीठाचा परदेशातल्या तमुक विद्यापीठाशी पोलीस आणि गुन्हेशास्त्र शिक्षणासाठी सामंजस्य करार, अशी बातमी हल्ली अधूनमधून येतच असते. फोटोत कुलगुरू, एक-दोन मोठे साहेब आणि मधे शाल-श्रीफळ घेतलेले गोरे पाहुणे. माझा विरोध नाहीये हां, उलट असे करार व्हायलाच पाहिजेत, पण त्यातून तिकडे जातं कोण आणि परत येऊन शिकवतं कोणाला हे बातमीत कधीच नसतं.

मी जिल्हा कोर्टात फौजदारी कामं बघते. चार्जशीट उघडली की पाच साक्षीदारांचे पाच जबाब, सगळे "समक्ष विचारल्यावरून सांगतो की" ने सुरू होणार आणि पुढचा मजकूर शब्दन् शब्द तोच, टायपिंगची चूकसुद्धा पाचही ठिकाणी सेम. उलटतपासात असला जबाब उभा राहत नाही, आरोपी सुटतो आणि लोक शिव्या कोर्टाला घालतात. एकट्या हवालदाराला तरी काय बोलणार, त्याच्यामागे बंदोबस्त, समन्स, वरून फोन, आणि जबाब घ्यायचा कसा हे त्याला धड कोणी शिकवलेलंच नसतं, सिनियर घ्यायचा तसा तो घेतो.

नॉर्वेचं उदाहरण बघा. 1995 साली तिथे कारमॉय बेटावर एका तरुणीचा खून झाला, पोलिसांनी नात्यातल्याच तरुणाला धरलं, एकांतात ठेवून तासन्‌तास चौकशी केली आणि पोराने कबुली देऊन टाकली. 1997 ला शिक्षा, 1998 ला अपिलात निर्दोष. पोलिसांची पार छी-थू झाली. त्याच सुमारास त्यांचा एक अधिकारी, आस्ब्यर्न राखलेव, इंग्लंडला लिव्हरपूल विद्यापीठात शिकायला गेला होता. इंग्लंडने स्वतः गिल्डफर्ड फोर, बर्मिंगहॅम सिक्ससारख्या केसेसमध्ये निरपराध माणसं वर्षानुवर्षं जेलमध्ये सडली हे उघड झाल्यावर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चौकशीची पद्धतच बदलली, तिला 'पीस' (PEACE) म्हणतात. आधी केसचा अभ्यास करून बसायचं, समोरच्याला सलग बोलू द्यायचं, मधे तोडायचं नाही, कबुलीच्या मागे न लागता माहिती काढायची, आणि संपल्यावर आपण कुठे चुकलो ते तपासायचं. राखलेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे घरी नेऊन 'क्रेआटिव्ह' नावाचा कोर्स उभा केला आणि तो साध्या पोलिसांपर्यंत नेला. आज नॉर्वेवाले हेच दुसऱ्या देशांना शिकवतात. याला म्हणतात एक्स्चेंज!

अर्थात तिकडे पोलीस व्हायचं तर तीन वर्षांची पदवी लागते आणि आपला शिपाई बारावीनंतर भरती होऊन काही महिन्यांच्या ट्रेनिंगवर ड्युटीला लागतो, हा फरक आहेच.

आपल्याकडे द्यायला काही नाही असंही नाही. बोटांच्या ठशांचा ब्युरो 1897 साली कलकत्त्यात सुरू झाला, वर्गीकरणाचं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं, स्कॉटलंड यार्डने ती पद्धत 1901 ला उचलली (नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री साहेबांचं लागलं, ते असो). आताही गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाने 2023 ला युगांडात जिंजाला कॅम्पस काढलाय, आपल्या शेजारी गोव्यातही त्यांचा कॅम्पस आहे. त्यात 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जायचंय, म्हणजे लॅबचं शिक्षण वाढणारच. पण साक्षीदार अजूनही ठाण्यातल्या बाकड्यावरच बसलेला असतो आणि त्याला विचारायचं कसं याचा करार कोणी करत नाही.

म्हणून म्हणणं एवढंच की पुढच्या करारात नाशिकच्या अकादमीतले, खंडाळा, दौंड, तुरची इथल्या प्रशिक्षण केंद्रांतले इन्स्ट्रक्टर पाठवा, निदान एक सेमिस्टर तरी, आणि तिकडचे मास्तर इकडे आले तर सभागृहात भाषण ठेवू नका, दुभाष्या देऊन शिपायांच्या वर्गात बसवा, सरावापुरता कोणालातरी साक्षीदार बनवून त्याचा जबाब घ्यायला लावा. शिकून आलेल्या माणसाची लगेच कंट्रोल रूमला बदली होणार नाही एवढंही बघा, नाहीतर सगळा खर्च पाण्यात. नव्या कायद्यात जबाबाचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायची सोय आहे, ती वापरली तर शिकवायला आपलीच उदाहरणं मिळतील.

आणि तुमच्या वार्ताहरांना एक विनंती, अशा कार्यक्रमाला गेलात तर पाहुण्यांना एकच विचारा, यातून हवालदार किती जाणार? जे उत्तर येईल ते छापा.

- एक फौजदारी वकील, सातारा जिल्हा