ऋषींची 'ग्रंथसंपदा'

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन ऋषींवर आलेला लेख आवडीने वाचला. मात्र त्यात 'वेद व्यासांनी लिहिले' असे सरळ विधान होते आणि शेजारच्या चौकटीत प्रत्येक ऋषीच्या नावापुढे 'ग्रंथसंपदा' म्हणून यादी दिली होती. हा शब्द एखाद्या कादंबरीकाराच्या परिचयात शोभतो. ऋषींच्या बाबतीत त्याने घोटाळा होतो.

रामरक्षेच्या आरंभी आपण 'बुधकौशिक ऋषिः' म्हणतो. त्याच स्तोत्रात पुढे येते की शंकरांनी स्वप्नात सांगितली तशी रामरक्षा बुधकौशिकांनी सकाळी उठून लिहून काढली. म्हणजे येथे 'लिहिली' हे क्रियापद असूनही कर्तेपण ते स्वतःकडे घेत नाहीत. वेदांच्या बाबतीत तर लिहिण्याचा प्रश्नच नाही. वेदांतील शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्कांच्या निरुक्तात 'ऋषिर्दर्शनात्' अशी व्युत्पत्ती आहे: ज्याने मंत्र पाहिला तो ऋषी. ऋग्वेदाच्या 1028 सूक्तांपैकी प्रत्येकाचा ऋषी, देवता आणि छंद नोंदवणारी कात्यायनांची सर्वानुक्रमणी ही सूची 'यस्य वाक्यं स ऋषिः', म्हणजे ज्याचे बोलणे तो ऋषी, असा नियम घालून देते आणि तो इतक्या काटेकोरपणे पाळते की आठव्या मंडलातील (मंडल म्हणजे ऋग्वेदाचा एक भाग) सदुसष्टाव्या सूक्तासाठी एक पर्याय म्हणून जाळ्यात अडकलेले मासे हेच ऋषी सांगितले आहेत. तिसऱ्या मंडलात विश्वामित्रांशी बोलणाऱ्या विपाशा आणि शुतुद्री या नद्या आपापल्या ऋचांच्या ऋषी ठरतात. यांची 'ग्रंथसंपदा' कशी छापणार?

शिवाय ही नावे पुष्कळदा एका माणसाची नसून कुळाची आहेत. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतची मंडले अनुक्रमे गृत्समद, विश्वामित्र, वामदेव, अत्रि, भरद्वाज आणि वसिष्ठ यांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राखली, तेव्हा 'वसिष्ठ' या एका नावामागे किती कंठ असतील, हे त्या नावावरून कळत नाही.

लेखात कवष ऐलूष या ऋग्वेदातील ऋषींचा उल्लेखच नाही, याची मला अधिक चुटपुट लागली. सरस्वतीच्या काठी सत्र, म्हणजे दीर्घ यज्ञ, चालू असताना तेथील ऋषींनी त्यांना 'दासीपुत्र, जुगारी, अब्राह्मण' म्हणून हाकलले आणि सरस्वतीचे पाणीही पिता येऊ नये म्हणून निर्जल प्रदेशात नेऊन सोडले, असे ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सांगितले आहे. तेथे तहानेने व्याकूळ झालेल्या कवषांना पाण्याची स्तुती करणारे अपोनप्त्रीय सूक्त दिसले आणि सरस्वती त्यांच्याभोवती वाहू लागली. तेव्हा देव याला ओळखतात, असे म्हणत त्याच ऋषींनी त्यांना परत बोलावले. दहाव्या मंडलातील प्रसिद्ध अक्षसूक्त, ज्यात जुगाऱ्याला 'फासे खेळू नकोस, शेती कर' असे बजावले आहे, तेही अनुक्रमणी विकल्पाने कवषांच्याच नावावर देते. हिणवण्यासाठी वापरलेला 'जुगारी' हा शब्द आणि हे सूक्त एकाच नावाशी यावे, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

राहिले व्यास. वेदांचे विभाग केले म्हणून ते व्यास, असे महाभारत स्वतःच सांगते, आणि विष्णुपुराणात तर प्रत्येक द्वापरयुगात एक असे अठ्ठावीस व्यास मोजले आहेत. त्यामुळे पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापताना 'वेद लिहिणारे' या जागी 'वेदांचे विभाग करणारे' एवढा बदल केला तरी चालेल. चौकट पुन्हा छापणार असाल, तर लोपामुद्रा, घोषा, अपाला आणि विश्ववारा या ऋषिकांची, म्हणजे स्त्री ऋषींची, नावेही तिच्यात घ्यावीत. अनुक्रमणीत ती आहेत, आपल्या यादीत नव्हती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक