टॉमी जॉन आणि हॉल ऑफ फेम

महोदय,
अमेरिकी बेसबॉलमधील डावखुरा पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) टॉमी जॉन आज मुख्यतः त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेमुळे आठवला जातो, हे त्याच्या खेळावर थोडे अन्यायकारक आहे. १७ जुलै १९७४ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्स संघाकडून खेळताना त्याच्या कोपरातील लिगामेंट (हाडांना जोडणारा अस्थिबंध) फाटले. बेसबॉलमध्ये संघाचा विजय वा पराभव एका पिचरच्या नावावर नोंदवला जातो; त्या वेळी त्या हंगामात त्याच्या नावावर १३ विजय आणि केवळ ३ पराभव होते. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातील कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली, तेव्हा पुन्हा खेळता येण्याची शक्यता शंभरात एक असल्याचे त्यांनी त्याला सांगितले होते. १९७५चा संपूर्ण हंगाम बाहेर काढून तो १९७६ मध्ये मैदानात परतला.

हंगामात २० किंवा अधिक विजयांची कामगिरी त्याने तीनदा केली, आणि ती तिन्ही वेळा (१९७७, १९७९ व १९८०) शस्त्रक्रियेनंतरच. १९८९ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी थांबताना त्याच्या खात्यात २८८ विजय होते आणि त्यांपैकी १६४ दुरुस्त केलेल्या हाताचे होते. एवढे असूनही क्रीडापत्रकारांच्या मतदानात १५ वर्षे नाव राहून त्याला हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात) प्रवेश मिळाला नाही. त्याच्या गोलंदाजीत वेगाचा दरारा नव्हता, चेंडू खाली बुडवून फलंदाजाला जमिनीलगतचे फटके मारायला लावण्यावर तिची भिस्त होती. अशी शैली मतदारांच्या डोळ्यांत भरत नसावी, असे मला वाटते.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, पुणे