‘नऊ महिने पूर्ण, आधाराशिवाय बसत नाही’ असं लिहून पाठवणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

पाटण-जावळीच्या डोंगरवाड्यांपासून माण-खटावच्या माळापर्यंत, सातारा जिल्ह्यात अंगणवाडी चालवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे आभाराचं पत्र. आम्ही मुलांची वाढ तपासणारे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट. मूल आमच्यापर्यंत वेळेत पोचतं, ते अनेकदा तुमच्या चिठ्ठीमुळे.

‘मूल अशक्त वाटतं’ असं मोघम तुम्ही लिहीत नाही. ‘नऊ महिने पूर्ण, आधाराशिवाय बसत नाही, उजवी मूठ मिटलेली’ एवढी एक ओळ असते, आणि कुठून तपासायला सुरुवात करायची ते तेवढ्यावरच कळतं. पहिल्या दोन वर्षांत मेंदू फार झपाट्याने शिकतो. त्या काळात व्यायाम सुरू झाला तर जो फायदा होतो, तो चौथ्या वर्षी सुरू करून तेवढा मिळत नाही. म्हणून ती ओळ आम्हाला मोलाची.

घरात आजी म्हणते, “याचा बापही उशिराच चालला.” तुम्ही आजीशी वाद घालत नाही, महिने मोजता. चार महिन्यांपर्यंत मान धरली पाहिजे, नऊपर्यंत आधाराशिवाय बसलं पाहिजे, दीड वर्षापर्यंत स्वतः चाललं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी मुलं साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान चालू लागलेली दिसली. म्हणजे तेराव्या महिन्यात न चालणाऱ्या मुलाच्या आईला तुम्ही धीर देता ते बरोबर, आणि अठरावा सरल्यावर थांबू देत नाही तेही बरोबर. काही मुलं रांगतच नाहीत, थेट धरून उभी राहतात. बाकी सगळं ठीक असेल तर त्याची काळजी नको.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा हिशोबही तुम्ही नीट करता. आठ आठवडे आधी जन्मलेलं बाळ नऊ महिन्यांचं झालं, तरी टप्पे बघताना ते सातच महिन्यांचं धरायचं, आणि हे दोन वर्षांपर्यंत. यामुळे कित्येक आयांची साताऱ्याची एसटीची फेरी आणि बुडणारी मजुरी वाचते.

काही खुणांना मात्र वय लागत नाही. बसणारं मूल बसेनासं झालं, हसणारं हसेनासं झालं, तर एक दिवसही थांबायचं नाही. आई पूर्ण शाकाहारी, बाळ वरचं फारसं न खाता अंगावरच पीत असलेलं, सुस्त होत चाललेलं, हात थरथरणारं, असं दिसलं तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. ती लवकर सापडली तर उपचार सोपा आहे.

वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरू लागलं की घरचे कौतुकाने ‘डावरा होणार’ म्हणतात. त्या वयात एक हात मागे पडणं म्हणजे त्या बाजूला जोर कमी असण्याची शंका. लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, हेही तुम्ही आईला विचारून लिहिता. आणि चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत वर येतो, पोटऱ्या मात्र भरलेल्या दिसतात, ही खूण तर भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. तो स्नायूंचा आजार असू शकतो.

मापांबद्दल वेगळे आभार मानायला हवेत, कारण चूक तिथेच होते. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून टाचा. उभं करून मोजलं तर लांबी सुमारे ०.७ सेंमी कमी भरते आणि आलेख विनाकारण खाली जातो. दंडघेर डाव्या हाताचा, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला, पट्टीने कातडी दाबली जाणार नाही अशी. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ११.५ सेंमीच्या खाली आला तर तीव्र कुपोषण. पण दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून सोडल्यावर खड्डा राहिला, तर वजनाचा आकडा विसरायचा. तो पाण्याने फुगलेला असतो. असं मूल त्याच दिवशी पाठवता, हे फार मोठं काम आहे.

फेंगडे पाय दोन वर्षांपर्यंत बहुधा आपोआप सरळ होतात. त्यापुढेही राहिले, एकाच पायात असले किंवा मनगटं जाड दिसली तर मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार, तपासायचा. मालिशीने तो जात नाही. वॉकर घेऊ नका असं तुम्ही सांगता, तेही सांगत राहा. त्याने मूल लवकर चालत नाही, उंबऱ्यावरून कोसळतं मात्र.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्याची वाट न बघता तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्राची, गरज पडल्यास सिव्हिलची चिठ्ठी देता, याबद्दल मनापासून धन्यवाद.

एक विनंती. गळीत हंगामात फडाशेजारच्या कोप्यांवर जाऊन तुम्ही ऊसतोड कामगारांच्या मुलांचीही वजनं घेता. ती नोंद रजिस्टरबरोबर आईच्या माता-बाल संरक्षण कार्डावरही तारखेसह लिहा. टोळी मार्च-एप्रिलमध्ये गावी परतली की तिथल्या ताईच्या हातात तेवढंच पोचतं.

आपले,
मुलांची वाढ तपासणारे आम्ही, सातारा