ट्रायकोकार्डातल्या माशीचं नाव

रिव्हरसाइड, कॅलिफोर्निया

ती. आण्णांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

आण्णा, मागं फोनवर तुम्ही विचारलंत, "अजून माश्याच बघतेस का?" हो, अजून माश्याच. पण त्या तुम्हाला काही परक्या नाहीत. खोडकिडीसाठी उसाच्या पानामागं आपण ट्रायकोकार्ड टाचतो, त्यावरच्या काळ्या ठिपक्यांतून निघते तीच ही ट्रायकोग्रामा. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी, किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालून कीड जन्मण्याआधीच संपवणारी. ठिपका म्हणजे तांदळातल्या पतंगाचं अंडं. आत माशीची अळी पोसली की ते काळं पडतं.

माझं काम तिची जात ठरवायचं, आणि तिथंच खरी मारामार. जगात हिच्या दोनशेहून जास्त जाती. रंगावर जावं तर तो हवेच्या उष्णतेप्रमाणे बदलतो. अंगलट बघावी, तर ती ज्या अंड्यात वाढली त्यावर अवलंबून. माद्या तर एकीला झाका, दुसरीला काढा. खरी खूण असते नराच्या जननेंद्रियात. (आई, हसू नकोस. पोरीला याचेच पैसे मिळतात.) ही खूण पक्की केली बंगळूरच्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी, १९६८ ते १९७१ च्या सुमारास. आज इथंही त्याच वाटेनं जातात, हे मी लॅबमध्ये जरा जास्तच वेळा ऐकवते.

मिशांवर लांब केस दिसले की नर. त्याला कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून आरपार दिसेलसा करायचा, कॅनडा बाल्समच्या थेंबात काचपट्टीवर बसवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पोटाचं टोक न्याहाळायचं. तिथल्या पातळ पडद्याचा आकार कसा, त्याचं टोक कुठवर पोचतं, यावर निकाल. कधी सगळ्या माद्याच निघतात, कारण वोल्बाकिया नावाचा जीवाणू अंगात असला की नराशिवाय माद्यांना माद्याच होतात. १९९० साली संशोधकांनी अशा माद्यांना प्रतिजैविक चारलं, आणि त्यांच्या पोटी नर जन्मले! हल्ली डीएनए वाचूनही जात कळते, त्यामुळं असं अडलं तरी भागतं.

नावानं काय बिघडतं म्हणाल, तर ऐका. आपल्याकडे वर्षानुवर्षं जिला ऑस्ट्रॅलिकम म्हणत, ती खरं तर किलोनिस, हे याच दोघांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं. किलोनिसचं वर्णन १९४१ सालीच झालेलं होतं. माशी तीच, पण टिपणं भलत्याच नावाच्या खात्यात. आणि प्रत्येक जातीची आवड वेगळी असते. खोडकिडीला किलोनिस देतात, शेंडेकिडीला जॅपोनिकम.

तेव्हा यंदा कार्ड घेताना पाकिटावर जातीचं नाव वाचून घ्या. दुकानदार "सगळी एकच असतात हो" म्हणाला तर ऐकू नका. आणि कार्ड लावल्यावर लगेच फवारणी करू नको, असं दादाला सांगा. माझं ऐकत नाही तो.

तुमची लेक