दत्तक कुत्र्याला आधी निवांत राहू द्या

संपादक महोदय,

रेस्क्यू केलेला कुत्रा घरी आणला की पहिल्याच दिवशी सगळे नातेवाईक बघायला जमतात, फोटो काय, मिठ्या काय, आणि तो बिचारा सोफ्याखाली, मग लोक म्हणतात हा तर माणसाळतच नाही! अहो त्याला आधी श्वास तर घेऊ द्या. ट्रेनर लोक साधारण 3 दिवस, 3 आठवडे, 3 महिने असा अंदाज सांगतात, म्हणजे आधी भीती ओसरते, मग रुटीन कळतं, मग घर आपलं वाटायला लागतं, पण घाबरट कुत्र्याला याहून जास्तही लागू शकतात.

एक शांत कोपरा द्या, तिथे त्याला कुणी हात लावायचा नाही, मुलांनी तर अजिबात नाही. जेवण आणि फिरणं ठरलेल्या वेळी. त्याच्यावर वाकू नका, डोळ्यात रोखून बघू नका, बाजूला वळून खाली बसा आणि त्याला स्वतःहून येऊ द्या. सारखी जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं ही टेन्शनची लक्षणं असू शकतात. आणि गुरगुरला म्हणून ओरडू नका प्लीज, ती वॉर्निंग असते, ती दाबली तर पुढच्या वेळी सरळ चावूही शकतो. एकटं राहायची सवयसुद्धा मिनिटामिनिटाने वाढवायची, एकदम आठ तास कुलूप नाही. बाहेर नेताना हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) नीट घट्ट आहे ना बघा, घाबरलेला कुत्रा पट्ट्यातून मागे सरकत कधी निसटतो कळतही नाही.

दत्तक देणाऱ्या संस्थांनी हे सगळं एका कागदावर छापून कुत्र्याबरोबरच द्यावं, एवढीच विनंती.

– एक वाचक